मॉस ऐकत नव्हता

ओमारामा,
२१ एप्रिल

प्रिय फिओना,

तुझा जॅम पोचला. नीलने अर्धी बरणी संपवलीसुद्धा. पाठ धरलेल्या नवऱ्याचा हात बरणीपर्यंत मात्र बरोबर पोचतो. कर्स्टीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती सध्या तोंड झाकून हसते. इकडे थंडी लवकर आली. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू लगेच सल्ला देतेस आणि मी लगेच भांडते.

मॉस आता आमच्याकडे नाही. फेब्रुवारीत तो मी शेजारच्या हेमिशला देऊन टाकला. कुत्रा बिघडला, असं सगळ्यांना सांगितलं. डावीकडे वळायची शिट्टी दिली की हा जागीच बसायचा, थांबायची दिली की सुटायचा. एकदा त्याने कळप कुंपणाच्या कोपऱ्यात असा दाबला, की मेंढ्या एकमेकींखाली गुदमरून मेल्या. त्या दिवशी मी त्याच्यावर घसा बसेपर्यंत ओरडले.

गेल्या आठवड्यात हेमिशची मेंढरं डोंगरावरून उतरवायला गेले. त्याने आमची उतरवली, आम्ही त्याची, हे तर दरवर्षीचंच. समोरच्या उतारावर मॉस होता. एका शिट्टीसरशी वळला, दुसरीला थांबला. बघत राहावं असं काम.

"काय खायला घालतोस रे त्याला?" मी विचारलं.

"तू घालायचीस तेच. शिकवलायसही तूच."

"मग माझं का ऐकत नव्हता?"

हेमिशने आधी थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाला, "रोना, तुझी शिट्टी थरथरते. मला पार खाली ऐकू यायची. सुरुवात डावीची, शेवट थांबायची. बिचाऱ्याने त्यातलं खरं कुठलं मानायचं?"

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तुला? मला जीव प्यारा आहे, बाई."

मी हसले खरी. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी ते अंगणच देऊन टाकलं होतं.

फिओना, शिट्टीला श्वास लागतो, तोच मला पुरत नाही. सप्टेंबरात, ऐन वसंतात, त्या अवेळी बर्फात कोकरं गेली तेव्हापासून. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. झोप येत नाही. शेडमागे गाडीत बसून रडते, तोंड धुते आणि घरात जाऊन बटाटे सोलते. शेती म्हटली की ताण कुणाला नसतो, असं स्वतःला सांगत राहिले. नाताळात तू म्हणालीस, टिमारूत एक समुपदेशक बाई आहेत, एकदा बोलून तर बघ. मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. शहरातल्या रिकामटेकड्यांचे चोचले म्हणाले. तू भांडी विसळत राहिलीस. त्याचं मला फार वाईट वाटतं.

निघताना मी मॉसला हाक मारली. तो हेमिशच्या पायांमागे जाऊन उभा राहिला. "घेऊन जा परत," हेमिश म्हणाला. माझ्याने नाही आणवलं.

एवढ्यावरही मी कदाचित लिहिलं नसतं. काल कर्स्टीने चिखलाचे बूट दारातच टाकले म्हणून मी ओरडले. नेहमीसारखीच. तिने बूट उचलले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "आई, मी ऐकलं नाही तर मलापण हेमिशकडे देणार का?"

मी नाही नाही म्हणत राहिले. तिने मान डोलावली, आणि नीलच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

आज सकाळी त्या बाईंना मी स्वतः फोन केला. मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी बोलावलंय. तू येशील का सोबत? आत नको. बाहेर गाडीत बस, आणि मी दारातून परत फिरले तर मला पुन्हा आत ढकल. शिव्या दिल्या तरी ढकल.

कर्स्टीला मी सांगितलं, तुझं काहीच चुकलं नव्हतं. "बरं," म्हणाली. मी रागावू नये म्हणून म्हणाली ते. तिला आठवं लागलंय गं फक्त, आणि हे तिला माझ्याकडूनच शिकावं लागलं.

तुझं ऐकायला उशीर केलेली,
रोना