कॅस्पर व्रोबेलला घेऊ नये, याबद्दल

नॉर्थ एल्मडेल, विस्कॉन्सिन
एप्रिलचा तिसरा शनिवार (अंगणात अजून बर्फ)

प्रिय मेहुणे क्लेटनसाहेब यांस,

ओर्विल किंडशीचा मनापासून नमस्कार. (साहेब म्हटलं म्हणून लगेच खुर्चीत रेलू नकोस. कॉलेजच्या फुटबॉल संघात चार वर्षं मी वाकून पायांमधून मागे तुझ्या हातात चेंडू दिला, तू तो फेकलास आणि पेपरात फोटो तुझा आला. त्या चार वर्षांत तू मला ओळखत असशील तर ते पाठीकडूनच.) तुझी प्रकृती कशी आहे? रक्तदाब बेताचा आहे ना? आणि तुझ्या त्या संघमालकाचा? फिलिसवहिनींचे गुलाब त्या फ्लोरिडाच्या उन्हात तगलेत की आपल्यासारखेच नुसते काटे उरलेत? इकडे सर्व कुशल आहे, माझा डावा गुडघा सोडून. पण तो गेली तीस वर्षं माझ्याकडे राहूनही घरातला झालेलाच नाही. लोर्ना मजेत आहे. तुझी भाची आता इतकी तुझ्या बहिणीसारखी बोलते, की परवा स्वयंपाकघरातून "बूट बाहेर!" असा आवाज आला आणि मी बूटच काय, मोजेसुद्धा काढून दारात उभा राहिलो. आर्डिस जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचा दरारा घरात कायम आहे, आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाशिवाय हे घर मला घर वाटणार नाही.

नमनालाच घडाभर तेल झालं. तर पत्रास खास कारण असं काही नाही. येत्या गुरुवारी ड्राफ्ट आहे, कॉलेजातून निघालेली पोरं सगळे संघ पाळीपाळीने उचलणार, आणि सातवी पाळी तुझ्या संघाची आहे, असं पेपरात वाचलं. आठव्या पाळीवाल्यांना चेंडू फेकणारा हवा आहे हे त्यांच्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. नववी पाळी आपल्या इथल्या संघाची, ज्याचं मैदान माझ्या दारापासून गाडीने पाऊण तासावर आहे. (हे मी नुसतं लिहितोय. अर्थ काढत बसू नकोस.) टीव्हीवरचे जाणकार म्हणतात की तू सातव्या पाळीला कॅस्पर व्रोबेलला उचलणार, आणि तू नाही उचललास तर आपले इथले लोक त्याला सोडणार नाहीत. आता या कॅस्परशी जूनमध्ये तुझ्या भाचीचं लग्न आहे, हे तुला आमंत्रणावरून कळलंच असेल. नवरा जाईल तिकडे ती जाणार. फ्लोरिडात जायचं म्हणजे दोन विमानं आणि मधे अटलांटाला चालून चालून पायाचे तुकडे. त्याचं मला काही नाही. मुली जायच्याच. मी हे पत्र केवळ तुझ्या संघाच्या भल्यासाठी लिहितो आहे.

क्लेटन, कॅस्परसारखा लाईनमन घेऊ नकोस. हे मी म्हणतोय, ज्याने स्वतः लाईनच्या मधोमध उभं राहून हाताची बोटं अशी करून घेतली की आता हातमोजे घालायला दोघं लागतात. तुझ्यापुढे भिंत होऊन उभे राहायचो ते आम्ही पाच जण आठव. आमची नावं कोणाला माहीत होती? भर मैदानात माझं नाव भोंग्यावर पुकारलं जायचं ते फक्त पंचाने चूक दाखवायला पिवळा रुमाल टाकल्यावर, "ओर्विल किंडशीने समोरच्याला धरलं!" म्हणून. माझी आजी तर अनेक वर्षं समजत होती की मी लोकांना धरून लुटणारा गुन्हेगार आहे. पहिली निवड लाईनमनवर घालवणं म्हणजे लग्नाचा सगळा खर्च मांडवाच्या खांबांवर करणं. खांब नसले तर मांडव डोक्यावर येतो हे मान्य, पण पाहुणे जेवायला येतात, खांब बघायला कोणी येत नाही. पोरं वाढदिवसाला लाईनमनच्या नावाचा सदरा मागत नाहीत. तू त्याला घेतलंस की तुझे प्रेक्षक गॅलरीतून जे ओरडतील ते फिलिसवहिनींनी ऐकू नये.

शिवाय हा कॅस्पर म्हणजे हत्ती पोसणं आहे. वजन एकशे पंचेचाळीस किलो, आणि व्रोबेल या आडनावाचा पोलिश भाषेत अर्थ म्हणे चिमणी! लोर्नाने त्याला पहिल्यांदा आणलं तो शुक्रवार होता, म्हणून आम्ही त्याला डेलमारच्या हॉटेलात मासे खायला नेलं. तुला आठवतच असेल, शुक्रवारी तिथे एकदा पैसे दिले की पोटभर तळलेले मासे. कॅस्पर दारातून आडवा होऊन आत शिरला तसा डेलमारचा चेहरा पडला आणि त्याने जाऊन 'पोटभर' लिहिलेली पाटी हळूच भिंतीकडे वळवून ठेवली. मीही कंबर कसून बसलो. आणि या पठ्ठ्याने काय करावं? दोन तुकडे खाल्ले, कोबीची कोशिंबीर खाल्ली, राईचा पाव खाल्ला आणि बास म्हणाला. मला वाटलं आजारी आहे. घरी आल्यावर लोर्नाने सांगितलं की डेलमारचं नुकसान नको आणि माझ्यासमोर लाज नको म्हणून तो आईकडून जेवून आला होता! असला मनुष्य तुझ्या काय कामाचा? तुला भुकेलेली पोरं हवीत. (दुसऱ्या दिवशी डेलमारने स्वतःच त्याला बोलावून चार ताटं खाऊ घातली, पण तो वेगळा विषय.)

त्याची आईही तशीच. लुसिलबाई. आमच्या या होणाऱ्या विहीणबाईंनी मुलाचा एकही सामना चुकवलेला नाही आणि एकाही सामन्याचा निकाल त्यांना माहीत नाही. गेल्या शरदात मला पोचायला उशीर झाला (गुडघा), लोक बाहेर पडत होते, मी विहीणबाईंना विचारलं, "काय हो, कोण जिंकलं?"

"ते काही मी पाहिलं नाही बाई," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि मग एकदम उजळून म्हणाल्या, "पण आमच्या कॅस्परने त्या एक्याण्णव नंबरला एकदासुद्धा आत येऊ दिलं नाही! एकदासुद्धा!"

आयुष्यभर या बाईने चेंडू पाहिलेला नाही. त्या खोकी भरभरून सॉसेज पाठवतात, ती माझ्या फ्रीजमध्ये मावत नाहीत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! (सॉसेज उत्तम असतात.)

आता मुख्य तक्रार. गोठलेल्या तळ्यावरची माझी मासेमारीची खोपटी तुला आठवते, चाकांऐवजी खाली लाकडी पट्ट्या लावलेली. मार्चच्या मध्याला ती बर्फावरून उचलावी असा सरकारी नियम आहे. पण मासे गळाला लागत असताना नियम पाळणारा मनुष्य आपल्या गावात अजून जन्मायचा आहे, तेव्हा मी म्हटलं, एक शनिवार आणखी. मग आणखी एक. महिन्याच्या शेवटी गेलो तर पट्ट्या बर्फात घट्ट रुतलेल्या आणि काठाचं बर्फ राखाडी पडलेलं. कॅस्पर मदतीला आला होता. मी त्याला काठावरच थांबवलं. म्हटलं, "बाबा रे, या बर्फाने तुझ्या वजनाची हमी घेतलेली नाही." मी पहार घेऊन गेलो, पट्ट्या मोकळ्या केल्या, आणि दमलो म्हणून दार लावून आत शेगडीपाशी कॉफी प्यायला बसलो. (इथे हसू नकोस.) वारा सुटला. कॉफी संपली तेव्हा खिडकीतून पाहतो तो काठ चाललाय! मग लक्षात आलं की काठ जागेवर आहे, मी चाललोय, खोपटीसकट, शेगडीसकट, थेट जिथे बांधाजवळ बर्फ वितळून काळं पाणी उघडं पडलं होतं तिकडे.

आपल्या गावात कोणाचं काही तळ्यात बुडायला निघालं की लोक घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन येतात, तसे आलेच. त्यांत माझा पुतण्या डॅरिल होता. शाळेत तो तुझ्याच जागेवर खेळायचा आणि अजून तेच सांगत गाड्या विकतो. मी दार उघडून ओरडतोय, लोक सल्ले देतायत, कोणी म्हणतं उडी मार, कोणी म्हणतं उडी मारू नको. डॅरिलने दोर फेकला. फेक सुंदर होती, ते नाकारणार नाही. मी तो झेलून चौकटीला बांधला. पण फेकल्यावर ओढायचं असतं हे डॅरिलला कधी कोणी शिकवलं नव्हतं. वाऱ्याने हिसका दिला तसा तोच तळ्याकडे घसरू लागला. तेव्हा कॅस्परने मागून दोर घेतला, चिखलात टाचा रोवल्या, खाली बसला आणि ओढायला लागला. वारा एकीकडे, तो एकीकडे. खोपटी थांबली, विचारात पडली आणि उलटी फिरली. मी आतून ओरडत होतो, "कॅस्पर, बादली सांड‍ू देऊ नकोस, मासे आहेत!" आणि त्याने मला, शेगडीला आणि सहाही माशांना जसंच्या तसं काठाला आणून लावलं. कमरेपर्यंत चिखल झाला होता आणि तळहात सोलले होते. लोर्ना धावत आली ती आधी कोणाला बिलगली असेल? मलाच बिलगली. कॅस्पर लांब उभा राहून हसत होता, जणू ती मिठी त्यालाच मिळाली.

गुरुवारच्या पेपरात फोटो आला. हात उंचावलेला डॅरिल, शेजारी मी, वर मथळा: 'अचूक फेकीने काकांचे प्राण वाचले.' कडेला कापलेलं एक कोपर दिसतं. तेवढाच कॅस्पर. मी चिडलो, त्या संपादकाला फोन करून झापायला निघालो, तर हा म्हणतो, "राहू द्या हो, मस्त आलंय कोपर." आणि लुसिलबाईंनी बाकीचा फोटो टाकून देऊन नेमकं कोपर कापून फ्रीजवर लावलंय.

यावरून तुला वाटेल की असा गडी हवाच. साफ चूक. तळ्याकाठच्या हिरवळीत त्याच्या टाचांनी दोन चर पडलेत, ते अजून बुजलेले नाहीत. तुझ्या मैदानाचं गवत किती महाग आहे हे तूच मला ऐकवत असतोस. विचार कर. फिलिसवहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
ओर्विल

ता.क. स्पष्टच लिहितो, कारण तू चेंडू फेकणारा आहेस, तुला आडून सांगितलेलं कळत नाही. सातव्या पाळीला दुसरा कोणीही घे. तो सुसाट पळणारा टेक्ससचा पोरगा घे, त्याच्या नावाचे सदरे खपतील. कॅस्परला नवव्या पाळीपर्यंत येऊ दे. पाऊण तास, क्लेटन. रविवारी सामन्यानंतर दोघं जेवायला येतील. आर्डिसचा भाऊ म्हणून माझं एवढं एक काम कर. मी तुझ्यासाठी चार वर्षं मार खाल्ला, त्याबद्दल कधी काही मागितलं नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कॅस्पर आला, छपरावरचं बर्फ काढायला. काम झाल्यावर पायरीवर बसला आणि नखं कुरतडत म्हणाला, "मिस्टर किंडशी, एक विचारू? तुमच्या वेळी ड्राफ्टचा फोन आला तेव्हा तुम्ही आधी काय बोललात? मला तर काही सुचणारच नाही."

मला कधी फोन आलाच नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. ड्राफ्टचे दोन्ही दिवस मी फोनसमोर बसलो होतो, आर्डिस सँडविच करत होती, आणि मी उचलून बघत होतो की फोन बंद तर नाही. मी त्याला म्हटलं, "आला होता ना फोन. क्लेटनचा. त्याला घेतलं म्हणून सांगायला." आणि आम्ही दोघं काय नाचलो होतो त्या दिवशी स्वयंपाकघरात, तुझी बहीण आणि मी! ते खोटं नव्हतं रे. पण रात्री ती कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

तेव्हा वरचं सगळं रद्द समज. (पत्र फाडलं असतं, पण पुन्हा एवढं लिहायला ही बोटं तयार नाहीत.) सातव्या पाळीला त्यालाच घे. नवव्यापर्यंत त्याला ताटकळत ठेवू नकोस. जेवढ्या लवकर नियमात बसेल तेवढ्या लवकर फोन कर, आणि सेक्रेटरीकडून नको, स्वतः कर, आणि त्याचं पूर्ण नाव घे.

ता.क. ३. तुझ्या गॅरेजवर एक खोली आहे असं फिलिसवहिनी मागे म्हणाल्या होत्या. सप्टेंबर ते जानेवारी, सामन्यांच्या दिवसांत, तिथे कोणी राहणार नसेल तर कळव. लोर्नाला अजून सांगितलेलं नाही. कॅस्परला सांगितलं. तो म्हणाला, आरामखुर्ची न्यायची असेल तर उठूच नका, बसल्या जागी उचलून ट्रकमध्ये ठेवतो.