आमच्या घरानं अध्यक्ष दिला नाही

आग्वा फ्रिया, २६ मे

प्रिय नेल्वाताई,

तुला आणि भावोजींना माझा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ग्वायाकिलच्या डॉक्टरनं जिने चढू नका म्हणून सांगितलंय असं तू लिहिलं होतंस, आणि तुझं घर तर तिसऱ्या मजल्यावर. मग वरच राहायचं की खालीच, ते त्यानं सांगितलं का? भावोजींच्या साखरेचं काय? आमच्याकडे सगळं कुशल आहे. कोलोन दोरीच्या झुल्यात पडलेला आहे (म्हणजे नवरा ठणठणीत आहे), कोंबड्या अंडी देताहेत, अंगणात कोको वाळतोय, आणि मला काहीही झालेलं नाही. शेजारच्या ओब्दुलियानं तुझ्या नणंदेला फोन करून ग्रिसेल्दा जळून कोळसा झाली असं सांगितलं असेल, तर विश्वास ठेवू नकोस. मी जळत नाही. काय झालं ते तुला नीट कळावं एवढ्यासाठीच लिहिते.

ती परदेशी कॉलेजची पोरं तुला माहीतच आहेत. दर जूनमध्ये सहा आठवडे येतात, पगार न घेता आपल्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि गावातल्या घरांत राहतात. त्यांच्या संस्थेत मोठं माणूस म्हणून कोणी नाहीच. जो एका वर्षी शिकवून परत जातो, तोच पुढच्या वर्षी तिकडे कॉलेजात बसून कारभार बघतो. कोणाला कुठल्या देशात धाडायचं, कुठल्या घरी उतरवायचं, सगळं तोच ठरवतो. म्हणजे परवा ज्याला आपण बेडकाला भिऊन टेबलावर चढलेलं पाहिलं, तो आज अध्यक्ष! आपल्याकडे साधा सरपंच व्हायला केस पांढरे करावे लागतात, यांचे जुलाब थांबले की झाले पुढारी. आणि आपल्या गावातल्या बायका (मी नाही हं, माझ्या फक्त कानावर येतं) कोणाच्या घरानं किती पदाधिकारी दिले याच्या फुशारक्या मारत फिरतात. ओब्दुलियाच्या घरानं दोन अध्यक्ष आणि एक सचिव दिला. अध्यक्षांचे फोटो तिनं मरियामातेच्या तसबिरीच्या दोन बाजूंना लावलेत, त्यामुळे तिच्याकडे गुडघे टेकले की नेमके कोणापुढे टेकले ते कळत नाही.

आणि माझ्या घरानं? पहिल्या मुलाला विंचू चावला, तो नवव्या दिवशी गेला (घरी गेला, वर नाही). दुसरी इथून जाऊन दातांची डॉक्टरकी शिकायला लागली, तिनं संस्थेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसरी गेल्या वर्षीची मार्गा. लांब मानेची, लाजरी, उन्हानं नाक सोललेली, पण पोर कशी, लोण्यासारखी. आमची लेक येसेनिया स्पेनला गेली तेव्हापासून तिची खोली बंद होती. मार्गानं पहिल्याच दिवशी तिची खिडकी उघडली आणि मला मावशी म्हणाली. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या पोरीला मी अध्यक्ष करणार.

आता अध्यक्ष कसा करतात हे मला कुठे माहीत? म्हणून कुंपणाशी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी ओब्दुलियाकडे लक्ष ठेवलं. (चार दिवसांत मी एकच चादर अकरा वेळा वाळत घातली.) म्हटलं काहीतरी खास खाऊ घालत असेल. कसलं काय! ती त्या पोरांना अंगण झाडायला लावते, शेळ्या दोहायला लावते, ताटं घासायला लावते. तादेओ, म्हणजे तिचा आत्ताचा अध्यक्ष, गेल्या वर्षी तिच्याकडेच होता, तो तर केळी सोलता सोलता गल्लीतल्या पोरांना इंग्रजी आकडे शिकवायचा आणि पोरं त्याला आपल्या शिव्या शिकवायची. मी कपाळाला हात लावला. पाहुण्याला राबवतात का कधी? मी मार्गाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सकाळी चीज घालून केळ्याचे गोळे, दुपारी शेंगदाण्याच्या रश्शातले मासे, आणि ताटाला हात लावायचा नाही. तिनं झाडू घेतला की मी काढून घेतला. दुकानात कोणी काही विचारलं तर तिला शब्द शोधायचा त्रास नको म्हणून मीच उत्तर दिलं. शाळेत मी छत्री आणि सरबत घेऊन मागच्या बाकावर बसायचे, पोरांनी जरा दंगा केला की तिच्या आधी मीच ओरडायचे. एकदा तर पुढारीपणाचं वळण लागावं म्हणून मी तिला उशिरा येणाऱ्या बसवाल्याला झापायला पाठवलं. ती घाबरत गेली आणि त्याचे आभार मानून आली.

यंदा पोरं कमी येताहेत, आग्वा फ्रियाला एकच मिळणार, असं कळलं आणि माझी झोप उडाली. एकच पोर म्हणजे एकच घर. घरं तपासायला तादेओ स्वतः मागच्या आठवड्यात आला. हातात कागद, गळ्यात शिट्टी (का, ते विचारू नकोस), आणि मिशी म्हणून ओठावर काहीतरी. ओब्दुलियानं त्याला बस थांब्यावरूनच उचलला, पण घरं तपासताना कोणाकडे जेवायचं नाही असा त्यांचा नियम निघाला, आणि मला ताईगं, इतकं बरं वाटलं!

माझ्याकडे आला तेव्हा मी खोलीला नवा निळा रंग दिला होता. तो ओला होता, आणि तादेओ भिंतीला टेकला. पाठ निळी झालेला अध्यक्ष समोर बसवून मी उत्तरं देत होते. त्यानं अदबीनं विचारलं, "दोन्या ग्रिसेल्दा, राहायला आलेला मुलगा घरातली कुठली कामं करतो?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "कामं? माझ्या घरी? चमचासुद्धा उचलू देत नाही!" त्यानं कागदावर काहीतरी खरडलं. "गावात एकटा फिरतो का?" "एकटा? मी मेले का?" पुन्हा खरडलं. मला वाटलं, चला, पैकीच्या पैकी. मग त्यानं मार्गानं परत गेल्यावर लिहिलेला अहवाल काढला. 'घरात काय शिकलात?' या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं, 'काहीच नाही. मावशीनं माझ्या हातात काही राहूच दिलं नाही.' मी कोलोनला हाक मारून म्हटलं, "ऐकलंत? पोरगी कशी गुण गाते माझे!" कोलोन झुल्यातून म्हणाला, "अगं बये, त्याचं तोंड बघ."

मी बघितलं. बिचारा मान खाली घालून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. म्हणाला, "तुमच्याकडे सगळ्यांना खूप आवडतं, दोन्या. पण मुलं इथून जशी येतात तशीच परत जातात." मग आभार मानून तो निळी पाठ घेऊन गेला आणि संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर निकाल लागला. यंदाचा मुलगा ओब्दुलियाकडे.

मी लिहिलं होतं ना की जळत नाही म्हणून? खोटं लिहिलं. जळते. माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. तिच्या घरी आधीच तीन सुना आणि सात नातवंडं, तिला कशाला हवं आणखी एक पोर? आता सहा आठवडे कुंपणापलीकडे हसणं-खिदळणं चालणार, ती मुद्दाम मोठ्यानं "बाळा, शेळी दोहून झाली का रे?" विचारणार, आणि मी इकडे निळ्या खोलीत कोलोनचे सदरे घड्या घालत बसणार. मी प्रेम केलं तर नापास, आणि तिनं शेळ्या दोहून घेतल्या तर पास! हा कुठला न्याय?

असो. मोठ्यांना नमस्कार, पोराटोरांना पापे. गुडघ्याला गरम तेल लाव आणि माझी काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
ग्रिसेल्दा

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि मार्गाचं पत्र आलं, म्हणून पुन्हा उघडलं. ताई, मार्गा अध्यक्ष झाली! माझी मार्गा! पुढचं सगळं वर्ष संस्था तिची. बसवाल्याचे आभार मानणारी पोर!

ता. क. दुसरं. आनंदाच्या भरात खालचा भाग वाचायचा राहिला होता. तिनं लिहिलंय की तादेओचा निर्णय बरोबर आहे, तिनंही त्यावर सही केलीय, आणि मी ताटाला हात लावू देत नाही तोवर पुढच्या वर्षीही माझ्याकडे कोणी येणार नाही. बघ, माझ्या घरानं एक अध्यक्ष दिला आणि तिनं पहिली काट मलाच मारली. पण शेवटी लिहिलंय, 'ऑगस्टमध्ये मी स्वतः येते, दहा दिवस. शिकवायला नाही, तपासायलाही नाही. खोली कोणाला देऊ नकोस, मावशी. आणि माझं ताट मी घासणार.' मी ते वाचून इतकी रडले की कोलोन झुल्यातून उतरला.

ता. क. तिसरं, आणि पत्र लिहायचं खरं कारण आता हेच. मी कुंपणाशी जाऊन ते पत्र ओब्दुलियाला तीनदा वाचून दाखवलं (सहीचा भाग गाळून). मला वाटलं ती जळेल. ती कुंपणाला टेकली. मग म्हणाली, "ग्रिसेल्दा, माझे दोन अध्यक्ष झाले गं. एकही परत राहायला आला नाही. तादेओ आला तो अर्धा तास, कागद घेऊन." तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून तोंडातून निघून गेलं, "ऑगस्टमध्ये रोज आमच्याकडे जेवायला ये." ती लगेच हो म्हणाली! आता मला रात्रंदिवस पश्चात्ताप होतोय. तेव्हा ताई, गुडघा गेला खड्ड्यात, तू जुलैच्या शेवटीच ये आणि जेवायच्या टेबलाशी मार्गाच्या शेजारची खुर्ची धरून बस, नाहीतर ती बया तिथे बसेल.