मेल्यावर जडलेलं दुखणं

महाल, नागपूर
१२ फेब्रुवारी १९२२

प्रिय केशव,

दोनदा तुझ्या दारावरून परत आले, म्हणून हे पत्र. दोन्ही वेळा तुझा शिपाई म्हणाला, "साहेब घरी नाही हायेत," आणि दोन्ही वेळा आतून तुझा खोकला ऐकू आला. डॉक्टरला स्वतःचा खोकला दाबता येऊ नये, नवलच आहे. असो. बोलणार नसशील तर वाच.

दादाजी कोष्ट्याच्या मृत्यूचा खटला गुरुवारी उभा राहतो आहे. तू इस्पितळात होतास, मी व्हरांड्यात. म्हणून आधी व्हरांड्यातलं सांगते, कारण आता शहरभर 'गैरसमज झाला' अशी गोष्ट फिरते आहे. कापसाचा व्यापारी लेस्टर याच्या मडमेला मी दर शनिवारी मराठी शिकवायला जात असे. तिनं दादाजीकडून मेजावर घालायची दोन कापडं विणून घेतली. त्यानं ती धोतरजोडीसारखी आणली : दोन्ही एकाच लांबीत, मध्ये वीतभर नुसते सुटे धागे. जन्मभर धोतरंच विणली त्यानं. दोन कापडं म्हणजे जोडी, आणि जोडी अशीच द्यायची. लेस्टरनं कात्री आणवून त्याच्या पुढ्यात टाकली. दादाजीनं हात जोडले. "हुजूर, आमी कात्री नाही लावत. घरच्या बाईनं कुंकू लावावं, मंग कापावं. इननाऱ्यानं कापलं तं माग रुसते." हसतच म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे हसतच सांगत असे. मी लेस्टरला सगळं स्वच्छ इंग्रजीत समजावलं. मडमेनं कात्रीसाठी हातही पुढे केला. तो मला म्हणाला, "माझ्या व्हरांड्यात नेटिवांच्या रिती चालत नाहीत," आणि लाथ घातली. बुटाची. दादाजी पोट धरून खाली बसला, तेव्हा दुसरी. यात गैरसमज कुठे आहे? सगळ्यांना सगळं समजलं होतं.

लाथा मारल्या हे लेस्टर नाकारतही नाही. कशाला नाकारील? तुझा दाखला आहे ना त्याच्या पदरी! मयताची पानथरी, म्हणजे प्लीहा, जुन्या हिवतापानं वाढून ठिसूळ झाली होती, धडधाकट माणूस एवढ्यानं मरता ना. म्हणजे किरकोळ मारहाण, थोडासा दंड, आणि ज्यूरीतले गोरे जेवायला मोकळे. वर्तमानपत्रात असे खटले वाचून तूच पूर्वी चिडायचास. गोऱ्याच्या बुटाखाली येणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाची पानथरी नेमकी आधीच कशी वाढलेली असते, हे तूच मला विचारायचास.

आणि वाढलेली असली तरी काय रे? कुहीला असताना तुझीच वाढली होती, आठवतं? पोट नगाऱ्यासारखं, पाय काड्या. आई तुला कडेवर घ्यायची तीही पोट दबणार नाही अशी, आडवा धरून. शाळेतले गुरुजी तर राक्षस होते, सगळ्यांना बुकलत. पण तुला फक्त हातावर छडी. वडिलांनी कारण विचारलं तर म्हणाले, "हिवतापाचं पोरगं हाये, पोटाले लागलं तं जाईल ना." हिवतापाच्या मुलुखात माणसाच्या पोटात लाथ घालू नये, एवढं त्या माणसाला कळत होतं. लेस्टरला या मुलुखात येऊन वीस वर्षं झाली. त्याला कळत नाही असं मला पटवू नकोस. पुढे तुझ्या परीक्षेच्या वेळी अवयवांची इंग्रजी नावं मीच तुझ्याकडून घोकून घेतली. या अवयवाचं नाव तू नेहमी विसरायचास. आता मात्र पक्कं लक्षात राहिलेलं दिसतं.

परवा दादाजीच्या बायकोकडे, रुख्माबाईकडे गेले. बसायला घोंगडी टाकली तिनं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "माहा मानूस कधी बिमार पडून माग सोडून निजला नाही, बाई. तुमच्या भावानं त्याले मेल्यावर बिमार केलं." मी शाळेत शंभर मुलींना गप्प बसवते. तिथे मीच घोंगडीची घडी घालून उठले.

शाळेचे चिटणीस ईश्वरदासजी घरी येऊन गेले. "बाई, तुमी काहून पडून राहिल्या ह्यात? शाळेले सरकारची मदत हाये." सुमतीचीही चिठ्ठी आली, की वन्सं, जरा घराकडे पाहा. सगळे मला पाहायला सांगतात. मी पाहिलंय तेवढं सोडून. संताप कुणाचा करावा हेही कळेनासं झालंय. लेस्टरचा करून उपयोग नाही, तो तसाच आहे. तुझा करते, कारण तू तसा नाहीस.

कारण त्या रविवारी शवचिकित्सा आटोपून तू सुमतीकडे गेला नाहीस, माझ्याकडे आलास. मी पिठलं-भात वाढला. तू ताट सरकवलंस, आणि म्हणालास, "ताई, पानथरी चांगली होती गं. तुझ्यामाझ्यासारखी. बुटानंच फाटली." मग तुझ्या वरच्या गोऱ्या सर्जननं तुला बोलावलं, आणि दाखल्यात ती वाढली. तुझं हे वाक्य मी गुरुवारी शपथेवर सांगणार आहे. तुझी नोकरी जाईल. कदाचित तू मला पुन्हा कधीच दार उघडणार नाहीस. हे तुला भर कोर्टात परक्या वकिलाच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. साक्षीदारांत तुझा क्रम माझ्या आधी आहे. तू स्वतः बोललास तर ते वाक्य मला उच्चारावं लागणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
यमुताई

ता. क. आज सकाळी रुख्माबाईचे वकील बाबाराव यांच्या हाती, त्यांच्या घरी जाऊन, दिलं ते असं : माझी जबानी, सहीनिशी, तीत तुझं वाक्य जसंच्या तसं. माझ्याजवळ नक्कल ठेवलेली नाही. परत मागणार नाही, असंही त्यांना लिहून दिलं आहे.