कागद मागितला म्हणून

१७ मे

हात लावला नाही मी! बोटसुद्धा नाही!

सकाळी ग्रामसेवक माणसं घेऊन आले. आमच्या गल्लीचं पाणी तोडायला, या उन्हात! मी व्हॉल्वच्या झाकणावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊसाहेब, आदेश दाखवा, मग तोडा." तर म्हणे, "तू कोण विचारणारी?" मी हलले नाही. आदेश नव्हताच, दाखवणार काय? पाय आपटत गेले.

दुपारी पोलीस दारात. मी म्हणे त्यांना ढकललं, गचांडी धरली. सरकारी कामात अडथळा!

१८ मे

जामीन झाला. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात. आई तोंडाला पदर लावून. जसं काही मी चोरीच केली.

४ जून

नर्सच्या परीक्षेत पास झाले, पारोळ्याच्या दवाखान्यात नेमणूक ठरली — आणि पोलीस पडताळणीत ही केस निघाली. नेमणूक थांबली.

बन्सीलाल वकील म्हणाले, "मोनालीताई, या केसेस अशाच मिटतात. गुन्हा कबूल करायचा. थोडा दंड, कोर्ट उठेपर्यंत बसायचं, संध्याकाळी घरी."

"आणि नोकरी?"

चष्मा पुसायला लागले.

घरी हितेंद्रही तेच. "मिटव ना एकदाचं! मला गावात राहायचं आहे." सख्खा भाऊ!

२२ ऑगस्ट

दोषारोपपत्र मिळालं. साक्षीदारांत नूर महंमद चाचा! व्हॉल्वच्या समोर त्यांचं गाद्यांचं दुकान. त्या दिवशी तिथेच बसून गादी शिवत होते. सगळं डोळ्यांनी पाहिलं. आणि जबाबात काय — "मोनालीने भाऊसाहेबांना धक्का मारला."

माझ्या पाळण्यातली गादी यांनी भरलेली. थू! त्या दुकानाकडे बघणारसुद्धा नाही आता.

आई म्हणाली, "बठ्ठा गावनी देखं, पन सांगनारा कोन शे?" खरंच, सगळ्या गावाने पाहिलं होतं.

१५ सप्टेंबर

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"नाही."

वकिलांनी मान खाली घातली. माझ्या आधी तिघांचा पुकारा झाला, तिघांनीही कबूल केलं. त्यातल्या छगनने फक्त रस्त्याच्या मोजणीला हरकत घेतली होती. बाहेर मला म्हणाला, "ताई, मजुरी बुडते. कोण चकरा मारेल?" अशा मिटतात केसेस!

११ नोव्हेंबर

तारीख. ग्रामसेवक आलेच नाहीत. पुढची तारीख.

९ डिसेंबर

तारीख. सरकारी वकील रजेवर.

२० जानेवारी

ग्रामसेवकांची साक्ष. "गचांडी कोणत्या हाताने धरली?" वकिलांनी विचारलं. आधी उजव्या, मग डाव्या, मग "आठवत नाही." त्यांच्याबरोबरचा माणूस म्हणाला, दोन्ही हातांनी. मला हसू आलं नाही. या थापांवर माझं वर्ष गेलं!

३ फेब्रुवारी

चाचा पिंजऱ्यात उभे राहिले. मी भिंतीकडे बघत होते.

"साहेब, पोरीने हात नाही लावला. कागद मागितला, तेवढंच."

सरकारी वकील खवळले. "मग जबाबात वेगळं कसं?"

"तो पोलिसांनी लिहिला. मला वाचून नाही दाखवला. मी काय बोललो ते मला माहीत आहे ना."

सरकारी वकिलांनी ताडकन सांगितलं — साक्षीदार फितूर झाला. फितूर! खोटं बोलले ते साक्षीदार, आणि खरं बोलला तो फितूर!

बाहेर चाचांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी वरच्या वर धरलं. "बेटी, सहा महिने सलाम नाही घेतलास माझा." तिथेच सलाम केला मी.

२६ फेब्रुवारी

निर्दोष! आई रडली. हितेंद्रने पेढे आणले. त्याला म्हटलं, तू खा.

१३ एप्रिल

पारोळ्याला रुजू झाले. पांढरा कोट मापाने जरा मोठाच आहे.

२१ एप्रिल

चाचांच्या मुलाचा, साकिबचा फोन. ग्रामसेवक जेसीबी घेऊन दुकानाची पत्र्याची शेड पाडायला आले. अतिक्रमण म्हणे! त्या रांगेतल्या सगळ्यांच्या शेडी आहेत, पाडायची फक्त चाचांची. चाचांनी नोटीस मागितली. लगेच गुन्हा — सरकारी कामात अडथळा!

चाचांना फोन द्यायला लावला आणि ओरडलेच मी, "चाचा, काही झालं तरी कबूल करू नका! बन्सीलाल वकील उभे राहतील. मी आहे."

"हो बेटी," म्हणाले.

९ जुलै

चाचांची पहिली तारीख. रजा काढून गेले. चोपड्याच्या कोर्टापर्यंत एसटीत उभ्यानेच.

पोचले तर चाचा कोर्टात मागच्या बाकावर. एकटे. हातात टोपी. म्हणाले, "कबूल केलं बेटी. तुझ्याइतकी वर्षं नाहीत माझ्याकडे."

कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. ते थोडे सरकले. मी शेजारी बसले.