पडद्यावरचं ग्रहण

सर,

फाल्गुन संपता संपता आमच्या घरी एक खोकं आलं. त्यात सिमकार्ड घालायचा एक पांढरा डबा निघाला, एकोणीसशे रुपये. पडद्याला जोडायची लांब वायर, साडेचारशे. दोन छोटे स्पीकर, सातशे. हे सगळं मी रोजच्या हिशोबात वेगळ्या ओळीवर लिहिलं, कारण घरखर्चात ते बसेना आणि दानधर्मातही बसेना. सूनबाईनं ते स्वतःच्या पगारातून शाळेसाठी मागवलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलंच, माझी सून सायन्सची बाई आहे. इंदापूरच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवते. त्या शाळेला कुणीतरी मोठा पडदा दिलेला होता, पण त्याला इंटरनेट नाही, म्हणून तो दोन वर्षं चादर पांघरून भिंतीला उभा होता. सूनबाईनं चादर काढली.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात फोन म्हटलं की कारखान्याच्या ऑफिसातला. आता काय झालंय ते तुम्हाला कसं सांगावं? दूर देशात या घटकेला जे चाललंय ते याच घटकेला इथं पडद्यावर दिसतं. शिकवायला तुम्ही आज असता तर वेडे झाला असता. मी रोज पहाटे आंघोळ करून मोबाईलवर देवाची काकडआरती बघते. मंदिर दीडशे कोसांवर, पण निरांजन मी इथंच ओवाळते, फूलही पडद्यापाशी ठेवते. मोबाईलला तुपाचे डाग पडतात म्हणून मुलगा ओरडतो. तो लोणी देवकरला कंपनीत आहे, पाळीवरून आला की त्याचं पहिलं काम मोबाईल पुसणं. एसटीचं भाडं वाचतं आणि दर्शन चुकत नाही, असं माझं चाललं होतं. ग्रहण येईपर्यंत.

चैत्रातल्या अमावस्येला सूर्यग्रहण होतं. मी पंचांग बघितलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, भारतात दिसणार नाही, म्हणून वेध पाळू नयेत. मी हात जोडले, कारण सूनबाईला पाचवा महिना लागला होता. आदल्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. तेव्हा ती चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही हे ठरवत दारात उभी राहायचे. त्यामुळं या खेपेला मी तिच्या पावलापुढचा दगडसुद्धा उचलत होते. ग्रहण दिसणार नाही म्हटल्यावर माझ्यावरचं एक ओझं गेलं. आणि त्याच दिवशी जेवताना सूनबाई हरखून म्हणाली, "आई, अमावस्येला सकाळच्या शाळेत मी मुलांना ग्रहण दाखवणार आहे. समुद्रापलीकडचं, थेट. अख्खा वर्ग बसून बघणार."

माझा घास तिथंच थांबला. मी म्हटलं, "पण ते आपल्याकडं दिसनार न्हाय ना?"

"म्हणून तर! आता दिसणार."

सर, तुम्ही हसाल. पण नीट विचार करा. ग्रहण जिथं दिसतं तिथं पाळायचं, हा नियम. शाळेत ते दिसणार. मग शाळेत ते लागणार की नाही? रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मी आमच्या ह्यांना विचारलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेत, आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल वाटतात. म्हणाले, "टीव्हीत पाऊस पडतो तवा तू गच्चीवरचे पापड आत घेती का गं?"

मी म्हटलं, "न्हाय घेत. पण टीव्हीत आरती लागली की तुमीच पायातली चप्पल काढता की."

मग मी देवळातल्या गुरवकाकांना फोन लावला. पंचांग तेच सांगतात. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. काका म्हणाले, "न्हाय पाळायचं वहिनी, आपल्यात दिसतच न्हाय." मी पडद्याचं सांगितलं. काकांनी आधी कोंबड्या हुसकल्या. मग म्हणाले, "आता ह्येच्यावर शास्त्रात काय दिल्यालं न्हाय. आवो, मी सोता नातवाच्या मोबाईलवर बघनार हाय. तुमी म्हनता तर बघून झाल्यावर आंघुळ करतो."

ते स्वतःची सोय लावून मोकळे झाले. माझं तसंच राहिलं. दर्शन पडद्यातून पोचतं असं मी मानते, तर ग्रहण पोचत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? पडद्यातून देव तेवढा यावा आणि राहू दारात थांबावा, असं कसं चालेल?

शेवटी मी सूनबाईलाच म्हटलं, तेवढा एक दिवस रजा टाक. ती डबे घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आई, मागच्या वेळी कुठलंच ग्रहण नव्हतं. मी तर घरातच होते." ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती रागानं बोलली नाही.

त्या संध्याकाळी दोघींत बोलणं नको म्हणून मी वाती वळत बसले आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग मी तिला तुमचं सांगितलं. आम्ही आठवीत होतो तेव्हा आपल्याकडं खरंखुरं सूर्यग्रहण आलं. सगळं गाव दारं लावून बसलं. आईनं मला पाण्याच्या घागरींशेजारी बसवलं होतं, प्रत्येक घागरीत तुळशीपत्र. तुम्ही मात्र आदल्या दिवशी सांगितलं होतं, शाळेत या, पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडून कागदावर सूर्य उतरवून दाखवतो. कुणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात, कॅटलॉग उघडला आणि आमच्या सगळ्यांची आदल्या दिवशीची गैरहजेरी लाल शाईनं आमच्यासमोर मांडलीत. म्हणालात, "काल सूर्य शाळेत आला होता. तुम्हीच आला नाहीत." मी अजून ते वाक्य विसरलेले नाही. तुम्ही ओरडला असता तर विसरले असते.

मग तुम्ही आम्हाला मैदानात नेलं आणि खिशातलं चार आण्याचं नाणं काढलंत. एक डोळा मिटा, नाणं दुसऱ्या डोळ्यापुढं धरा, आणि कारखान्याची चिमणी शोधा. मी धरलं. एवढी थोरली चिमणी, दोन कोसांवरून दिसणारी, बोटभर नाण्यामागं गेली. "चिमणी कुणी गिळली का गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नाही सर, तिथंच आहे. "मग झालं तर." जाताना तो भोकाचा पुठ्ठा मला दिलात, पुढच्या वेळी वापर म्हणून. पुढच्या वेळी माझं लग्न झालेलं होतं. पुठ्ठा मात्र मी वाया घालवला नाही. देवघरातल्या एका तसबिरीची पाठ निघाली होती, तिला बसवला. अजून तिथंच आहे, देवाच्या पाठीशी.

सूनबाई सगळं ऐकत होती. म्हणाली, "नाण्याचं छान आहे, आई." एवढंच. पण रजेचं तिनं नाव काढलं नाही.

अमावस्येच्या सकाळी तिनं डबा भरला, पाण्याची बाटली भरली. ती साडीला पिन लावायला आत गेली तेवढ्यात मी दोन्हीत तुळशीपत्र टाकलं. मुलानं तिला गाडीवरून सोडलं. मला घरात बसवेना. देवापुढं बसले तर जप विसरायला लागले. शेवटी ह्यांना म्हटलं, "ती बाई टोपी विसरली उन्हाची, मी देऊन येते."

"सूनबाई टोपी कवापासून घालाय लागली?"

"आजपासून," म्हटलं आणि रस्त्यावर येऊन वडापची जीप धरली.

वर्गात पोचले तर खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. मुलं खाली मांडी घालून, पुढं तो पडदा. सूनबाईनं मला बघितलं, माझ्या हातातली मुलाची जुनी टोपी बघितली, आणि काही न विचारता मागची खुर्ची दाखवली. पडद्यावर सूर्य होता. चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखा. मी पदर तोंडाशी धरला. डोळे मिटायचे ठरवून आले होते, पण मिटले नाहीत. तो काळा तुकडा सरकतोय, मुलं श्वास धरून बसलीत, आणि माझी सून अंधारात पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं दाखवतेय, "बघा, हा चंद्र. सूर्याला कुणी खात नाहीये, हा फक्त मधे आलाय." सूर्याची आता नखाएवढी कोर उरली. आणि तिथं चित्र थांबलं.

पांढरं चक्र फिरायला लागलं. रेंज गेली होती. कोर तशीच. सूनबाईनं सिमकार्डाचा डबा बंद करून चालू केला, वायर काढून लावली, स्वतःचा मोबाईल जोडला. कोर तशीच. मागच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "दे दान, सुटे गिराण!" आणि अख्खा वर्ग फुटला. एक जण म्हणाला, "बाई, राहूचा रिचार्ज संपला!" सगळे हसत होते. मी हसत नव्हते. ग्रहण लागलं की ते सुटावं लागतं ना सर? सुटल्याशिवाय त्याचा दोष जात नाही. आणि हे माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या अंगावर त्याचा उजेड पडलेला असताना, अडकून बसलं होतं.

सूनबाई म्हणाली, "असू दे रेंज, आपण करून बघू. मोठं ते छोट्याच्या मागं कसं जातं, ते. मला पुठ्ठ्याच्या चकत्या कापू द्या." आणि तिनं पर्समधून कात्री काढली.

गरोदर बाईनं ग्रहणात कात्री धरायची नाही. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, मी ते दुधातून प्यायलेय. मी खुर्चीवरून उठले कधी, पुढं गेले कधी, मला कळलं नाही. मुलांच्या मांड्यांवरून पाय टाकत गेले. तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "चकत्या कशाला कापती? नाणी हायत की." आणि कमरेचा बटवा तिच्यापुढं रिकामा केला.

देवळात ताटात टाकायला मी सुट्टे जमवून ठेवते. हल्ली कुणाकडं नाणं नसतं, भाजीवालीसुद्धा मोबाईल पुढं करते. मुलांनी नाणी वाटून घेतली, सतरंज्या ओढून काढल्या, सगळी मैदानात पळाली. पलीकडं पाण्याची टाकी आहे, उंच. एकेक डोळा मिटून सगळी उभी. "गेली! बाई, टाकी गेली!" "माझी अर्धीच गेली." "येड्या, नाणं जवळ धर." मी व्हरांड्यातून बघत होते. सूनबाईनं विचारलं, "टाकी कुणी गिळली का?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी तुमच्याकडं बघावं तशी मान खाली घातली.

आम्ही आत आलो तेव्हा रेंज आली होती. सूर्य जवळजवळ मोकळा. सुटला कधी ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. नाणी मुलांनी मोजून परत दिली, एक जास्तच आलं.

हेडमास्तर म्हणाले, "आज आजींनी तास घेतला." सूनबाईनं बारामतीला आईला फोन करून सांगितलं, रेंज गेली पण आमच्या आई उठल्या आणि त्यांनी वर्ग वाचवला. ह्यांनीसुद्धा ओट्यावर चार लोकांना सांगितलं, टोपीची गोष्ट वगळून. मी कुणाला काही म्हटलं नाही. सर, मी वर्गासाठी उठलेच नव्हते. तुमचं नाणं मला आधी आठवलंच नव्हतं. मला फक्त कात्री दिसली होती. तुमची शाबासकी खोट्यानं घेतल्यासारखं झालंय, म्हणून तुम्हाला तरी खरं सांगते.

यंदा अधिक महिना आला, आता निज श्रावण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सूनबाई बारामतीला गेली. निघताना चपला घातल्यावर परत आत आली, पर्स उघडली आणि ती कात्री काढून माझ्या हातात दिली. "बाळ येईपर्यंत तुमच्याकडंच ठेवा." हसली आणि गाडीत बसली. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी सगळ्यांना तिनं ते दुसरंच सांगितलं.

कात्री मी देवघरात ठेवलीय. रोज काकडआरती बघते, आणि निरांजन खाली ठेवताना नजर कात्रीकडं जाते. दर्शन पोचत नसेल तर माझी एवढ्या वर्षांची पूजा कुठं गेली? आणि पोचत असेल तर ते ग्रहणही पोचलं, अर्धवट सुटलेलं. दोन्हीतलं एक खरं असायला हवं आणि मला दोन्ही नको आहेत. फोन वाजला की पदराला हात पुसत पळते. काल कर्जाची जाहिरात सांगणाऱ्या मुलीचा फोन होता, तिलाच मी विचारलं, "सगळं बरं हाय ना गं?"

हे पत्र टपालात पडणार नाही. पाकिटाचा खर्च वाचला. घडी घालून तसबिरीमागं, तुमच्या पुठ्ठ्याशेजारी ठेवते. तिथं भोक आहे, त्यातून जाईल तेवढं जाईल. डॉक्टरांनी बाळाचं पौर्णिमेच्या पुढंमागं सांगितलंय, तेव्हा उत्तर सवडीनं नको. पडद्यावरचं ग्रहण लागतं की नाही, एवढं उलट टपाली कळवा.