व्हर्जिलचे पट्टे

टकर्स गॅप, अलाबामा
९ मार्च १९९७

चि. वायनेल हिस,
इमोजीनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही ओहायोत अजून फावड्याने बर्फ उपसताय हे वाचून हसू आलं. इकडे पीचची झाडं फुललीत आणि मी पायरीवर उन्हात बसून हे लिहितेय. आता बस जळत.

माझा गुडघा बरा आहे. कोंबड्या अंड्यावर आहेत. गेल्या आठवड्यात वादळाचा ह्या मोसमातला पहिला भोंगा झाला. शेजारच्या टॉलिव्हरांची सून तान्ही पोर काखोटीला मारून चर्चच्या तळघराकडे पळाली. जाता जाता माझ्या दारावर धपाधप थापा मारल्यान्‌, चला म्हणून. मी म्हटलं, तू हो पुढे. शेंगा निवडायच्या राहिल्या होत्या. मग थोडा वेळ वारा सुटला, माझं ट्रेलरचं घर जरासं कण्हलं आणि पुन्हा ऊन पडलं. एवढ्यासाठी कोण पळापळ करणार?

आणि मी काय उघड्यावर बसलेय का? व्हर्जिलने ह्या ट्रेलरच्या चारी बाजूंनी जमिनीत जहाजाला असतात तसे लोखंडी नांगर गाडून वरून पोलादी पट्टे आवळलेत. तू आली होतीस तेव्हा त्यानेच तुला हात धरून दाखवले होते. तो जाऊन हा दुसरा हिवाळा, पण एक पट्टा सैल झालेला नाही.

राहता राहिलं तळघर. त्याची किल्ली कुणाच्या पर्समध्ये असते ते तुला ठाऊक आहे. माझ्या नणंदबाईंच्या. तेव्हा तो विषय नको.

पोरांना पापे. आठवण ठेवत जा, नाहीतर मीच आठवण करून देईन.
तुझी,
इमोजीन

---

डेटन, ओहायो
१६ मार्च

ती. इमोजीनताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून बर्फाबिर्फाचं दुःख विसरले आणि डोक्याला हात लावून बसले. फोनवर हा विषय काढला की तू कणीस करपतंय म्हणून फोन ठेवतेस. पत्र काही ठेवून देता येत नाही, म्हणून लिहितेय. पुरतं वाच.

ताई, व्हर्जिलभावोजींच्या कामात खोट काढायची माझी काय बिशाद! पट्टे पक्केच आहेत. पण ते वाऱ्यासाठी. सुसाट वारा आला तर घर कलंडणार नाही, एवढंच त्यांचं काम. टोर्नेडोपुढे ट्रेलरचं घर म्हणजे पत्र्याचा डबा. न्हाणीच्या टबात शिरून अंगावर गादी ओढणं हे विटांच्या घरात ठीक आहे, तुझ्याकडे टबासकट सगळंच जाईल. ट्रेलरमध्ये सुरक्षित कोपरा म्हणून नसतोच. तिथून निघायचं, बस.

आणि भोंग्याची वाट बघू नकोस. तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि घरात रेडिओ लावून बसलं तर ऐकूही येत नाही. आज वादळ होऊ शकतं, असा पहिला इशारा रेडिओवर येतो ना, तेव्हाच निघायचं. ऊन असलं तरी. लोक हसले तरी. आपली आई काय करायची आठव. आकाशात चमचाभर ढग दिसला की आपल्याला टेकडीतल्या भुयारात कोंबायची, बटाट्याच्या पोत्यांवर. बाबा बाहेर उभे राहून खिदळायचे. पण आपण सगळी भावंडं धडधाकट मोठी झालो की नाही?

तुझ्यापासून पोचण्यासारखं एकच तळघर आहे, आणि ते त्या चर्चखाली आहे. तुझ्या नणंदेशी, ओपलताईंशी, एवढं काय बिनसलं ते तू मला धड कधी सांगितलंच नाहीस. जे काय असेल ते असो, तळघरात बसायला बोलावं लागत नाही. भिंतीकडे तोंड करून बस.

उलट टपाली उत्तर हवं. माया आहे तेवढीच राहू दे, हट्ट तेवढा कमी कर.
तुझी धाकटी,
वायनेल

---

टकर्स गॅप
२४ मार्च

चि. वायनेल हिस,
आशीर्वाद.

उचलली जीभ लावली टाळ्याला! काय बिनसलं म्हणे. घे, ऐक.

गेल्या मे महिन्यात थडगी सजवायच्या रविवारी सगळं गाव दफनभूमीत जमणार होतं. मी आधीच जाऊन व्हर्जिलच्या थडग्यावर पिवळ्या गुलाबांचा गुच्छ ठेवून आले. कापडी होते, पण चांगले भारी, त्याच्या पिकअपच्या रंगाचे. हौसेने निवडले होते. रविवारी जाऊन बघते तर थडगं बोडकं. आणि माझा गुच्छ कुठे? चर्चमागच्या कचऱ्याच्या पिंपात, शिळ्या गवताखाली. दफनभूमी समितीच्या प्रमुख ओपलबाई. सजावटीआधी जुनं सगळं काढायचं असा म्हणे नियम. मी सगळ्यांदेखत विचारलं, वन्सं, सख्ख्या भावाच्या थडग्यावरची फुलं टाकवली कशी? तर म्हणाली, फळ्यावर लिहिलं होतं, वाचायचं होतंस. रडली नाही, माफी नाही, काही नाही. त्या दिवसापासून मी त्या चर्चची पायरी चढलेली नाही आणि चढणार नाही. आता मी पलीकडच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये जाते. त्यांचं गाणं बेसूर असतं, पण माणसं बरी आहेत. तळघर तेवढं नाही त्यांना.

राहिलं वादळ. इथला कुणीही सांगेल तुला, वादळ पश्चिमेच्या डोंगरावर आदळलं की दुभंगतं. अर्धं वर जातं, अर्धं खाली. मधे आमचं गॅप कोरडं. माझ्या आठवणीत इथे काही पडलेलं नाही. आणि अगदीच आलं, तर रस्त्याकडेच्या चरात पालथी पडेन. चिखल चालेल मला. तिच्यासमोर नाक घासणार नाही.

रागावू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझा तर सुंभही अजून शाबूत आहे.
तुझी,
इमोजीन

---

डेटन
१ एप्रिल

श्रीमती ओपल साइझमोर यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट व्हर्जिलभावोजींच्या अंत्यविधीला झाली होती, तीच शेवटची. ताईला न विचारता लिहितेय. तिला कळलं तर ती माझ्याशीही बोलणं टाकेल, पण जिवंत राहून टाकलेलं चालेल.

फुलांचं मला आताच कळलं. कोण बरोबर, कोण चूक, हे मला इतक्या लांबून ठरवायचं नाही. मला एवढंच दिसतं की तुमच्या चर्चखाली एक तळघर आहे, आणि माझी बहीण त्यात जाण्यापेक्षा चरात पडेन म्हणते. वादळ दुभंगतं यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास आहे. इथून मी तिचा हात धरून ओढू शकत नाही. तुम्ही धरू शकता. तिने झिडकारला तरी पुन्हा धरावा, एवढीच विनंती.

आपली नम्र,
वायनेल

---

टकर्स गॅप
७ एप्रिल

वायनेल हिस,

पत्र मिळालं. नियम सगळ्यांना सारखा. त्याच दिवशी मी माझ्या आईच्या थडग्यावरची फुलंही काढून टाकली. ते कुणी बघितलं नाही, मी दाखवलंही नाही.

तुमच्या बहिणीला पाद्रीबाबांकरवी निरोप धाडला होता. तो दारातूनच परत आला, वर एक डझन अंडी घेऊन. अंडी पाद्रीबाबांना, मला फक्त नकार. बाई हट्टी आहे. माझा भाऊही तसलाच होता, त्यामुळे त्यांचं जमलं.

नाक घासा असं मी कुणाला म्हटलेलं नाही. बघते.

ओपल साइझमोर

---

डेटन
१९ एप्रिल

ताई,

मायना लिहायला सुचत नाही.

काल संध्याकाळी टीव्हीवर नकाशा दाखवला, त्यावर तुमचं खोरं लाल. मग हेलिकॉप्टरमधून काढलेलं दाखवलं. झाडं सोललेली, आणि जिथे ट्रेलर असायला हवेत तिथे नुसती माती. माझा फोन लागत नाही. ओपलताईंचा लागत नाही. चर्चचा लागत नाही. पोलिसांचा लागला, तर तिथली बाई म्हणाली की नावं अजून आलेली नाहीत, थांबा. मी रात्रभर थांबले. सकाळी गाडी काढली तर नवरा म्हणाला, तिकडचे रस्ते बंद आहेत, निदान बातमी येऊ दे. म्हणून हात चालू ठेवायला हे लिहितेय. ज्या घराच्या पत्त्यावर लिहितेय ते घर आहे की नाही हेही ठाऊक नाही.

तू हे वाचत असशील तर ऐक. मी कॉलेजला जावं म्हणून तू गिरणीत उभी राहिलीस, हे मला लहानपणीच कळलं होतं. तुला वाटायचं मला माहीत नाही. मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू कणीस करपतंय म्हणाली असतीस. तुझ्यावाचून मी कुणाची धाकटी? आई गेल्यावर घर म्हणायला मला तूच होतीस, डेटनमध्ये एवढी वर्षं काढूनसुद्धा.

उत्तर दे. दोन ओळी दे. शिव्या दे, पण दे.

वायनेल

---

द्वारा ओपल साइझमोर, टकर्स गॅप
२३ एप्रिल

चि. वायनेल हिस,
तुझ्या जिवंत बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

पाद्रीबाबांनी डोंगरापलीकडून तुला फोन केला, तो निरोप पोचला असेलच. तुझं पत्रही मिळालं. माझी टपालपेटी कुठे गेली देव जाणे, टपालवाल्याने चिखल तुडवत ओपलच्या घरी आणून दिलं. मेल्यावर बोलायच्या गोष्टी जिवंतपणी वाचायला मिळाल्या. वाचून जे झालं ते झालं, लिहीत बसत नाही. आता शिव्या मागितल्या आहेस तर घे, गाढवे, रस्ते बंद असताना गाडी काढतात का?

आता झालं काय ते सांगते. शुक्रवारी जेवणाच्या सुमारास रेडिओवर पहिला इशारा झाला. मी शेगडीवर वाल ठेवले होते. हवा चिकट, पान हलत नव्हतं, पण ऊन होतं. तेवढ्यात अंगणात ओपलची ब्यूक गाडी. दार न वाजवता आत आली, व्हर्जिलच्या आरामखुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर ठेवली. मी म्हटलं, इथे काय काम? तर म्हणाली, तुला न्यायला आलेय, तू उठलीस की मी उठेन. मी म्हटलं, मग बस कल्पान्तापर्यंत. बसली की! मी वाल ढवळतेय, ती भिंतीवरची चित्रं बघतेय. बाहेर हळूहळू आभाळ हिरवं पडायला लागलं. मग शांतपणे म्हणते कशी, तळघराला कुलूप आहे आणि किल्ली ह्या पर्समध्ये. टॉलिव्हरांची सून तान्ह्या पोरीला घेऊन दाराशी उभी आहे, म्हातारा एझ्रा ऑक्सिजनची नळकांडी घेऊन उभा आहे, अर्धं गॅप उभं आहे. तू उठलीस की त्यांचं दार उघडेल.

माझा असा संताप झाला! मी म्हटलं, बाई आहेस की वैरीण, दे ती किल्ली. तिने पर्स घट्ट धरली. आता त्या तान्हीला वादळात उभी ठेवू का मी? शेगडी बंद केली, व्हर्जिलचे जाड बूट घातले, औषधांची पिशवी आणि त्याचा फोटो उचलला आणि गाडीत जाऊन बसले. वाटेत गारा सुरू झाल्या. मी तिला वाटभर बोल लावले, तिने फक्त गाडी हाकली.

चर्चशी पोचलो तर तळघराचं दार सताड उघडं! दाराला वीट लावलेली. आत सगळी मंडळी घडीच्या खुर्च्यांवर आरामात बसलेली, टॉलिव्हरांची सून पोरीला पाजतेय, एझ्रा केक खातोय. ओपलने इशारा होताच कुलूप काढून ठेवलं होतं. जन्मभर रविवारच्या शाळेत खोटं बोलू नये असं शिकवणारी बाई, आणि माझ्या तोंडावर धडधडीत खोटं! मी पायरीवरच तिच्याकडे वळले, तर तिने मला चक्क दंडाला धरून खाली घातलं आणि दार ओढलं.

मग दिवे गेले. कानांत दडे बसले. तो आवाज मी तुला सांगू शकणार नाही, आणि सांगायचाही नाही. पोरं किंचाळत होती. कुणीतरी माझं डोकं खाली दाबून धरलं होतं. संपलं तेव्हा वरचं छप्पर अर्धं उरलं होतं, पण खाली कुणाला ओरखडा नाही.

घर गेलं, वायनेल. वादळ दुभंगलं-बिभंगलं नाही, सरळ डोंगर उतरून आलं. व्हर्जिलचा एकही पट्टा तुटला नाही. खालचा लोखंडी सांगाडा अजून जमिनीला घट्ट बांधलेला आहे, माझ्या नवऱ्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. त्याच्यावर घर तेवढं नाही. भिंती पलीकडच्या कुरणात सापडल्या, टब झाडावर. ती आरामखुर्ची अजून कुणालाही कुठे सापडलेली नाही.

ओपलने मला आपल्याकडे आणलं. त्या खोटेपणाबद्दल मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिचं काही अडलंही नाही. पण डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. काल ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. मी विचारलं, वन्सं, दार तर उघडंच होतं, तळघरात तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मग मी उठलेच नसते तर तुम्ही काय करणार होतात?

तिने वरही पाहिलं नाही. मग बसले असते, म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.

मी खणातून दुसरी सुरी काढली आणि तिच्याशेजारी सोलायला बसले.

पत्रं आता ह्याच पत्त्यावर टाक. आम्हा दोघींवर माया असू दे, दोघीही सारख्याच द्वाड आहोत.
तुझी,
इमोजीनताई