टाचेतली चांदणी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज कापडाच्या शोरूमची काच पुसताना शिडीवरून पाय सटकला, आणि त्याच क्षणी माझं सगळं बदललं.

आधी चप्पल खाली गेली, मागोमाग मी. लखननं शिडी धरली होती म्हणून दात शाबूत. आमचं कामच तसं – एक जण वर काच पुसतो, दुसरा खालच्या दांड्यावर पाय रोवून उभा. मी वर, लखन खाली. दिवसभर त्याला माझे तळपायच दिसतात.

घोटा सुजला. आदिलाबादहून गाडीवर बसवून लखननं आमच्या गावी, बेल्याला आणलं. आमच्या घरी बाबा तडकले असते, म्हणून आधी त्याच्या घरी. त्याची बहीण अश्विनी आंबेहळद गरम करून घेऊन आली. लहानपणापासून पाहतोय तिला. आज दिसली.

‘चपलेवर शिडी चढते का कोनी? बूट घ्या बूट.’ रागानं म्हणाली. माझ्यासाठी राग!

जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर
गमबूट घेतले. मूर्खपणा! हात वर करून काच पुसायची म्हणजे पाणी कोपरावरून काखेत, काखेतून कमरेत, कमरेतून थेट बुटात. दुपारी उपडे केले तर तांब्याभर निघालं. पाय भिजवलेल्या शेंगदाण्यासारखे. लखन एवढा हसला की शिडी हलली. ‘हलवू नको बे’ म्हटलं, तर जास्तच हसला.

अश्विनीला दाखवण्यासारखे नाहीत.

१२ नोव्हेंबर
कॅनव्हासचे आणले. हलके, पण तळ पातळ. दांडा तळव्यात रुततो, संध्याकाळी वळ उठतात. वर साबणाचं पाणी लागून पुढून तोंडही उघडलं.

बाबा मंडल ऑफिसातल्या, म्हणजे तहसिलीतल्या, नोकरीवरून आले, बुटाकडे बघितलं. ‘बी.कॉम. अर्धं, बूट अर्धा.’ एका सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, त्याला वर्ष झालं. बाबांचं अजून सुटत नाही.

१४ नोव्हेंबर
सेफ्टी बूट पाहिले. दुकानदार धाकटा भाऊ बनवत म्हणे, ‘तम्मुडू, दस साल देखने का नहीं.’ दहा वर्षं टिकतील, पण उचलणार कोण? पुढं लोखंडी टोपी. शिडीवर चवड्यावर उभं राहिलं की बोटांच्या मुळाशी चावते. घेतले नाहीत. भांडलो मात्र.

लखनकडे चहा. अश्विनी कप देताना हळूच म्हणाली, ‘संध्याकाळी घेजा. दिवसभर उभं राहून पाय फुगते. सकाळचा बरोबर बूट संध्याकाळी चावते.’

तिला माझ्या पायांचा विचार येतो! घरी येईपर्यंत गाडी हवेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मिळाले. संध्याकाळीच घेतले, जाड मोजा घालून. तळ जाड, दांडा टोचत नाही. टाच बोटभर, दांडा तिच्यापुढं अडकून बसतो. पाणी वरच्या वर ओघळतं. नाडीची टोकं आत खोचता येतात. तळाला खोल खाचा, आणि टाचेत एक चांदणी कोरलेली. दुकानाच्या ओल्या फरशीवर नाचून दाखवलं. दुकानदारानं हात जोडले.

१८ नोव्हेंबर
लखन दिवसभर खालून, ‘तुयी चांदनी पाहू पाहू मान दुखली बे.’

संध्याकाळी तो गिरणीवर गेलेला बघून त्याच्या घरी गेलो. अंगणात नुकताच शेणाचा सडा टाकलेला. बूट बाहेर काढायचे असतात हे मला कळत नाही का? पण काढले तर दाखवणार काय! तसाच आत गेलो.

ती हसली नाही. ‘चांगले हायेत,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘रविवारी पाहुने येऊन राह्यले मले पाहायले. पांढरकवड्याचे. तुमी दादाले सांगता का मी सांगू?’

‘मी सांगतो,’ म्हटलं. म्हटलं खरं. पण कसं? त्यांच्या देवघरात देव, आमच्या भिंतीवर बुद्ध. दोस्तीत चालतं ते सोयरिकीत चालत नाही. आणि माझी शिडी तोच धरतो.

१९ नोव्हेंबर
नाही सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दवाखान्याची काच, दुसरा मजला. मी वर पोचलो तेव्हा खालून लखनचा आवाज आला.

‘आई इचारत होती, सड्यात पाय कोनाचा उमटला.’

मी काच पुसत राहिलो.

‘वाळला तरी साफ दिसून राह्यला. टाचेत चांदनी हाय.’

पुसलेलीच काच परत पुसली.

‘काऊन गेलता?’

विळा मागायला गेलो होतो, असं म्हणता आलं असतं. पण डोकं फिरलं. ‘अश्विनीले पाहायले गेलतो! लग्न करायचं हाय मले तिच्याशी!’ आतल्या नर्सा खिडकीशी जमल्या.

लखननं दांड्यावरचा पाय काढला. बादली ठेवली आणि चालता झाला. शिडी थरथरत होती. एकेक दांडा उतरलो. बूट सरकले नाहीत.

२१ नोव्हेंबर
घरीच. ‘आता शिडीबी सुटली का?’ बाबा जेवता जेवता म्हणाले. सगळं ओरडून सांगून टाकलं. अश्विनी, सडा, लखन, सगळं.

त्यांचा घास हातातच राहिला. ‘त्याहीच्या अंगनात बूट घालून गेलता?’

एवढं ऐकून हेच विचारायचं? ‘हो,’ म्हटलं.

दाराशी काढलेल्या माझ्या बुटांकडे बघितलं. मग उरलेलं जेवले. हा माणूस मला कधीच कळणार नाही.

२२ नोव्हेंबर
अश्विनीचा फोन बंद. लखन पानठेल्यावर दिसला, मान फिरवली. फिरव! मीही फिरवली. मग तो गेला का ते बघितलं. नव्हता गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार
लखन दारात उभा. आत ये म्हटलं, येत नाही.

‘तिनं पाहुन्यासमोर तुयं नाव घेतलं. पाहुने चहा टाकून उठले. आमचे बाबा म्हनते, बोलाव त्याले. अन् त्याच्या बापालेबी.’

‘कायले? मारायले?’

‘मले काय माहीत. चाल.’

बाबा इस्त्रीचा शर्ट घालतायत. बटणं चुकीची लागली, परत लावतायत. तेवढ्यात हे लिहिलं. झालं त्यांचं. जातो. दार ओढून घेतो.